रणगाड्याच्या पोटांतून

दरवर्षीं २६ जानेवारीला दिल्लींत जें संचलन होतें, तें आतां घरोघर बसून पाहतां येतें. त्यांत रणगाडे येऊं लागले म्हणजे मुलें पुढें सरकतात, वडील मंडळी हातांतलें वर्तमानपत्र बाजूस ठेवतात, आणि बुरुजांतून कमरेपर्यंत बाहेर आलेला एक तरुण अधिकारी राष्ट्रपतींना सलाम करीत निघून जातो. पाहणाऱ्याच्या मनांत रणगाडा म्हणून जें कांहीं उरतें तें एवढेंच : खालीं पोलाद, वर माणूस. त्या पोलादाच्या पोटांत आणखी दोघे-तिघे बसलेले असतात हें ठाऊक सर्वांना असतें. परंतु त्यांचा विचार करण्याचें कारण कोणाला पडत नाहीं. रणगाड्यावर नोकरी केलेल्यांच्या आठवणींचीं कांहीं इंग्रजी पुस्तकें आम्हीं गेल्या वर्षांत एकामागून एक वाचलीं, तेव्हां हेंच संचलन आम्हांस वारंवार आठवलें. कारण ह्या वाङ्मयांतहि बोलतो तो बहुधा वरचाच माणूस.

ज्या चार पुस्तकांविषयीं आम्ही लिहिणार आहों तीं चारहि दुसऱ्या महायुद्धावरचीं आहेत. कीथ डग्लसचें ‘अलामीन टु झेम झेम’ हें १९४६ सालचें, रॉबर्ट क्रिस्पचें ‘ब्रेझन चॅरिअट्स’ हें १९५९ चें, केन टाउटचें ‘टँक!’ १९८५ चें, आणि बेल्टन कूपरचें ‘डेथ ट्रॅप्स’ १९९८ चें. युद्धेतिहासाचे अभ्यासक ह्यांच्याकडे डावपेचांसाठीं आणि यंत्रांच्या गुणदोषांसाठीं वळतात. तो आमचा प्रांत नव्हे. आम्हांला ह्या पुस्तकांना एकच प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तो वाङ्मयाचा आहे : रणगाड्यांत बसून माणसाला जें अनुभवावें लागतें, तें सांगण्याचा अधिकार कोणाचा, आणि ज्याचा आहे त्यानें तो बजावला आहे काय?

आंतली रचना ठाऊक नसेल तर ह्या प्रश्नाचें मर्म ध्यानांत यावयाचें नाहीं, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. दोस्तांकडील ज्या अमेरिकी शर्मन रणगाड्याचें नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलें आहे, त्यांत पांच माणसें बसत. पुढच्या भागांत डावीकडे चालक व उजवीकडे त्याचा साहाय्यक. ह्या साहाय्यकापुढें एक मशीनगन असे. वरच्या फिरत्या बुरुजांत तोफेच्या डाव्या अंगाला तोफ भरणारा, उजव्या अंगाला गोलंदाज, आणि गोलंदाजाच्या पाठीशीं, थोडा उंचावर, नायक. नायकाच्या डोक्यावर झांकण असे. तें उघडून तो उभा राही आणि चहूंकडे पाही. गोलंदाजाला स्वतःचें झांकण नव्हतें. रणगाडा पेटला तर नायक बाहेर पडल्यावर त्याच वाटेनें त्यानें निघावयाचें. आरंभींच्या शर्मनांत तर बुरुजांतल्या तिघांना मिळून ती एकच वाट होती. गोलंदाजाला जग दिसे तें नेमाच्या दुर्बिणींतून, वाटोळ्या तुकड्याएवढें. तोफ भरणाऱ्याला मुख्यतः तोफेचें बूड आणि गोळ्यांची मांडणी. चालकाला, झडप लावलेली असली म्हणजे, पेरिस्कोपच्या कांचेंत मावेल तेवढी समोरची जमीन. आणि ह्या सर्वांना एकत्र बांधणारी वस्तु एकच : कानांवर चढविलेल्या यंत्रांतून येणारा नायकाचा आवाज. इंजिनाच्या गर्जनेंत हातभर अंतरावरच्या माणसाचें ओरडणेंहि ऐकूं येत नाहीं. पण तारेंतून आलेला तो आवाज येतो.

आमच्याकडे रथाची परंपरा आहे, म्हणून ही रचना वाचतांना तुलना मनांत उभी राहिल्याशिवाय राहत नाहीं. रथांत सारथि आणि रथी दोघेहि उघड्यावर असत. दोघांना रणभूमि सारखीच दिसे. आणि सारथि मुका नसे. श्रीकृष्णाचें बोलणें तर जगानें शिरीं धरलें, पण शल्यहि कर्णाशीं बोलतो, आणि तें बोलणें काळजांत रुतणारें आहे. ह्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, युद्ध सांगण्याचें काम आमच्या पूर्वजांनीं सूतांकडेच सोंपविलें. धृतराष्ट्राला युद्ध सांगणारा संजय सूत. नैमिषारण्यांत ऋषींना समग्र भारत ऐकविणारा उग्रश्रवाहि सूतच. घोडे हांकणारा आणि कथा सांगणारा ह्या दोघांची जात एक असावी, हा योगायोग आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें लगाम धरला त्यानें सांगावें, हा त्यांतला न्याय. युरोपांतील यांत्रिक रथाच्या वाङ्मयांत हा न्याय उलटला आहे. तेथें रथी सांगतो, आणि सारथि झडपेआड बसून राहतो.

कालानुक्रमानें पहिला डग्लस. हा मुळांत कवि. ऑक्सफर्डला शिकत असतां युद्ध लागलें. नॉटिंगहॅमशायरच्या एका जुन्या घोडदळांत, शेरवुड रेंजर्समध्यें, तो अधिकारी झाला. पण अलामीनची लढाई १९४२ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली तेव्हां त्याला पिछाडीच्या कचेरींत बसविलेलें होतें. लढाईला तोंड लागल्यावर थोड्याच दिवसांत हा गृहस्थ हुकूम मोडून, सरकारी मोटार घेऊन, आपल्या पथकाकडे निघून गेला. पुस्तकाची सुरुवातच ह्या अपराधाच्या कबुलीनें होते. तो तेथें का गेला? देशासाठीं गेलों असें तो म्हणत नाहीं. लढाई ही पाहण्यासारखी वस्तु आहे आणि ती पाहिल्याशिवाय आपलें आयुष्य अपुरें राहील, असें त्याला वाटत होतें. हा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे, आणि त्यामुळेंच पुस्तकाचें पहिलें पान वाचल्यावर तें खालीं ठेववत नाहीं.

ह्या ‘पाहण्या’नें पुस्तकाला जें तेज आलें आहे तें विलक्षण आहे. चालत्या रणगाड्यांतून दिसणारें जग मूकचित्रपटासारखें असतें, ही त्याची उपमा प्रसिद्ध आहे. इंजिनाचा आवाज बाकीचे सारे आवाज गिळून टाकतो. म्हणून बाहेर माणसें धांवतात, ओरडतात, मरतात, आणि सगळें निःशब्द चाललेलें असतें. आम्हीं जेवढें युद्धवाङ्मय वाचलें आहे तेवढ्यांत यंत्रानें माणसाच्या संवेदनेंत केलेला बदल इतक्या नेमकेपणानें दुसऱ्या कोणीं सांगितलेला नाहीं. वाळवंटांतल्या प्रेतांकडे तो ज्या स्थिर नजरेनें पाहतो, तिच्यांत क्रौर्य नाहीं आणि हळहळहि नाहीं. एका मृत जर्मन सैनिकाजवळ त्याच्या प्रेयसीचें छायाचित्र सांपडल्यावर डग्लसनें लिहिलेली कविता इंग्रजी युद्धकाव्यांत आज मानाचें स्थान मिळवून आहे. ज्याला ती समजून घ्यावयाची असेल त्यानें हें गद्य अवश्य वाचावें.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवली, आणि ती त्याच्या गुणांतूनच निघाली आहे. डग्लसच्या वांट्याला आलेला क्रूसेडर रणगाडा तीन माणसांचा होता : चालक, गोलंदाज आणि स्वतः तो. नायकालाच तोफहि भरावी लागे. म्हणजे इतक्या लहान पेटींत हीं तीन माणसें रात्रंदिवस एकमेकांच्या श्वासाइतकीं जवळ होतीं. त्या दोघांचीं चित्रें तो काढीत नाहीं असें नाहीं. काढतो, आणि चार रेषांत माणूस उभा करतो. पण तीं वरून काढलेलीं चित्रें आहेत. गोलंदाज चुकला, चालक कुरकुरला, कोणी घाबरला, ह्या गोष्टी हाताखालच्या माणसाविषयीं अधिकारी बोलतो त्या सुरांत येतात. डग्लसला स्वतःला पथकांतील जमीनदार घराण्यांतले जुने अधिकारी परके वाटत, आणि तें परकेपण त्यानें तिखट शब्दांत नोंदविलें आहे. मौज ही कीं, आपल्या पायांशीं बसलेल्या माणसाला आपणहि तितकेच परके असूं, ही शंका त्या चतुर माणसाच्या मनाला क्वचितच शिवली. कदाचित् पुढें शिवली असती. १९४४ च्या ६ जूनला तो नॉर्मंडींत उतरला आणि ९ जूनला तेथेंच मारला गेला. वय चोविसांचें. पुस्तक निघालें तें त्याच्या मागें, त्याच्याच हातच्या चित्रांसह. अशा पुस्तकाविषयीं तक्रार करतांना जीभ अडखळते. परंतु मृत्यूमुळें टीकेचें माप बदलावें हें आम्हांस मान्य नाहीं, आणि डग्लसलाहि तें आवडलें नसतें.

क्रिस्प हा अगदीं वेगळा प्राणी. जन्म कलकत्त्याचा, १९११ चा; वाढला आफ्रिकेंत; दक्षिण आफ्रिकेकडून नऊ कसोटी सामने खेळला. लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी बाद करण्याचा पराक्रम ह्या वेगवान गोलंदाजानें प्रथम दर्जाच्या क्रिकेटांत दोनदां केला. (आमच्या भाषेंत तोफ डागणारा आणि चेंडू टाकणारा ह्या दोघांनाहि एकच शब्द आहे, ह्याची क्रिस्पला कल्पना असती तर तो खूष झाला असता.) १९४१ च्या नोव्हेंबरांत लिबियाच्या वाळवंटांत जी घनघोर लढाई झाली, तींत तो ‘हनी’ ह्या लाडक्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या हलक्या अमेरिकी स्टुअर्ट रणगाड्यांवर होता. त्या रणगाड्याची तोफ अवघी ३७ मिलिमीटरची. समोर जर्मनांच्या त्याहून लांब पल्ल्याच्या तोफा. म्हणून त्यानें एक युक्ति बसविली. चालकानें भरधांव शत्रूवर जावयाचें. हुकूम होतांच थांबावयाचें. रणगाडा स्थिर होतांच गोलंदाजानें, वेगळ्या हुकुमाची वाट न पाहतां, गोळा सोडावयाचा. आणि तोफेचा आवाज हीच निघण्याची खूण समजून चालकानें पुन्हा गाडी सोडावयाची. थांबण्यापासून निघेपर्यंत सारे मिळून चार सेकंद.

ह्या चार सेकंदांचा मजकूर म्हणजे आमच्या मतें साऱ्या पुस्तकाचा प्राण. एरवीं क्रिस्पची लेखणी खेळकर आहे. अठरा वर्षांनीं आठवून लिहिलेल्या गोष्टींना जी एक गोलाई येते ती तिला आली आहे, आणि लढाई सांगतां सांगतां तो मैदानावरच्या खेळाडूच्या ऐटींत शिरतो. परंतु येथें, कदाचित् नकळत, तो खरी गोष्ट सांगून जातो. त्या चार सेकंदांत नायक कांहींच करीत नसतो. रणगाडा तेवढ्या वेळापुरता चालकाचा आणि गोलंदाजाचा असतो. एकाचा पाय आणि दुसऱ्याचें बोट ह्यांच्यांत हुकुमाला जागाच नाहीं. एवढा विश्वास माणसांत कसा उत्पन्न होतो? किती दिवसांत? एक रणगाडा निकामी होऊन दुसऱ्यावर, दुसरा निकामी होऊन तिसऱ्यावर क्रिस्प चढत गेला. प्रत्येक वेळीं नवीं माणसें, आणि प्रत्येक वेळीं ते चार सेकंद नव्यानें जमवावयाचे. हें कसें जमे ह्याविषयीं आम्हांस दहा पानें हवीं होतीं. क्रिस्प दहा ओळी देतो आणि पुढच्या चढाईवर निघतो. शेवटीं डोक्याला जबर जखम होऊन त्याची मोहीम संपली.

ह्या स्टुअर्ट रणगाड्याला आपल्या देशाच्या इतिहासांतहि स्थान आहे, ही गोष्ट वाचकांस सांगितली पाहिजे. १९४८ च्या १ नोव्हेंबरला झोजी खिंडींत, अकरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, सातव्या लाइट कॅव्हलरीचे हेच रणगाडे बर्फांतून वर चढले आणि त्यांनीं लडाखची वाट मोकळी केली. मागमूस लागूं नये म्हणून वाटेनें त्यांचे बुरूज उतरवून ते झांकून आणले होते. खिंडींत जनरल थिमय्या स्वतः पुढच्या रणगाड्यांत होते, हें प्रत्येक इतिहासांत आहे. त्याच रणगाड्याचा चालक त्या निसरड्यावर गाडी कशी धरून होता, हें आमच्या वाचनांत कोठें आलेलें नाहीं.

आतां टाउटकडे येतों, आणि येथें थोडें थांबतों. कारण चौघांत आम्हांला अधिक जवळचा वाटला तो हाच. तो अधिकारी नव्हे. नॉर्थॅम्प्टनशायर येओमनरींतला साधा शिपाईगडी, आणि ह्या पुस्तकांत तो बसलेला आहे गोलंदाजाच्या आसनावर. म्हणजे जेथें स्वतःचें झांकण नाहीं त्या जागेवर. १९४४ च्या ७ ऑगस्टच्या रात्रीं कांच्या दक्षिणेस दोस्तांनीं जो मोठा हल्ला चढविला, त्यापासून पुढच्या चाळीस तासांची ही हकीकत. चाळीस तासांना एक सबंध पुस्तक! प्रथम आम्हांस हा विस्ताराचा सोस वाटला. वाचल्यावर कळलें कीं ह्याहून थोडक्यांत तें सांगतां येण्यासारखें नव्हतें.

त्या रात्रीं शेंकडों रणगाडे व गाड्या, अंगाला अंग लावून, अंधारांत शत्रूच्या फळींतून आरपार जावयाच्या होत्या. दिशा चुकूं नये म्हणून आकाशांत रंगीत गोळ्यांच्या रेषा सोडल्या होत्या. प्रखर दिव्यांचे झोत ढगांवर टाकून खोटें चांदणें पाडलें होतें. नकाशावर ही योजना देखणी दिसते. गोलंदाजाला ह्यांतलें काय दिसतें? धूळ, आणि पुढच्या रणगाड्याचा एक अंधुक दिवा. तो दिवा हरवूं नये एवढेंच त्याचें युद्ध. मग झोंप. डोळा मिटला तर मागचा आपल्यावर चढेल ह्या भीतीपेक्षांहि ती झोंप बलवत्तर आहे. मग तहान, आंखडलेले पाय, आणि देहधर्मांची ती अडचण, जी सभ्य पुस्तकांत येत नाहीं. टाउट तीहि लिहितो, आणि इतक्या सरळपणें लिहितो कीं वाचतांना संकोच होत नाहीं. तोफ सुटली कीं आंत भरणारा धूर, तापलेलीं रिकामीं नळकांडीं, माणसांच्या घामाचा आणि तेलाचा मिळून झालेला एक वास. डग्लसचें पुस्तक डोळ्यांचें आहे. टाउटचें नाकाचें, त्वचेचें आणि कानांचें. रणगाड्याचें खरें इंद्रिय कोणतें तें हें वाचल्यावर समजतें.

दुसऱ्या दिवशीं ह्याच पथकापुढें, सेंत एन्यां गांवाजवळ, जर्मनांचे कांहीं टायगर रणगाडे आले आणि नष्ट झाले. त्यांतल्या एकांत मिखाएल विटमान होता. जर्मन प्रचारानें देवपदाला चढविलेला हा रणगाडाबहाद्दर तेथें मेला, ह्यावर पुढें केवढें वाङ्मय झालें! त्याला कोणीं मारिलें ह्यावर आजहि वाद चालतात. कॅनेडियन पथकाचाहि दावा आहे. त्या दिवशीं झाडीआड दबून बसलेल्या इंग्रज शिपायांना मात्र त्याचें नांवहि ठाऊक नव्हतें. आणि ज्याच्या गोळ्यांनीं तेथें तीन टायगर थांबले असें बहुतेक अभ्यासक मानतात, तो एका शर्मनचा गोलंदाज युद्ध संपल्यावर आपल्या गांवीं बुटांच्या कारखान्यांत कामाला लागला. कित्येक दशकें त्याला कोणीं विचारलें नाहीं, आणि तोहि बोलला नाहीं. मेलेल्या नायकाचें चरित्र सर्वांना पाठ, आणि मारणाऱ्या गोलंदाजाचा पत्ता नाहीं, ही ह्या वाङ्मयाची एकंदर स्थिति. टाउटनें तरी हा लेख एकेचाळीस वर्षांनीं का लिहिला, असें कोणी विचारील. आमचा तर्क असा कीं, नायकाच्या आठवणींना क्रम असतो, कारण त्यानें हुकूम दिलेले असतात. हुकूम ऐकणाऱ्याच्या आठवणींना क्रम लावावयास आयुष्य जातें. म्हणूनच टाउट तासांच्या हिशेबानें चालतो. तो हिशेब सोडला तर त्याच्या हातीं वास आणि आवाज ह्यांखेरीज कांहीं राहणार नाहीं.

त्याच्यांत दोष नाहींत असें नव्हे. अंतर्भाषणांत तो कधीं कधीं फार वाहवतो. इतक्या वर्षांपूर्वींचे संवाद शब्दशः देतो, आणि ते त्या दिवशींचे कितपत व मागाहून जुळविलेले कितपत, अशी शंका चोखंदळ वाचकास येईलच. आम्हांसहि आली. परंतु त्या संवादांत शिपाई एकमेकांशीं जी फालतू थट्टा करतात, तिच्याखालचें भय खरें आहे, आणि तें जुळवून येत नाहीं.

चौथें पुस्तक कूपरचें, आणि तें ह्या पंक्तींत बसतें कीं नाहीं हाच प्रश्न. कूपर रणगाड्यांत लढला नाहीं. अमेरिकेच्या तिसऱ्या चिलखती डिव्हिजनमध्यें मोडलेले रणगाडे ओढून आणून दुरुस्त करणाऱ्या विभागाचा तो अधिकारी. त्याचे आंकडे भयंकर आहेत : डिव्हिजन युद्धांत उतरली ती २३२ शर्मन घेऊन, युद्ध संपेपर्यंत ६४८ पूर्णपणें गेले, आणि आणखी ७०० निकामी होऊन पुन्हा दुरुस्त झाले. ह्या आंकड्यांच्या जोरावर तो सेनापतींवर जे आरोप करतो ते पुढील अभ्यासकांनीं पुष्कळ अंशीं खोडून काढले आहेत. शर्मन पेटतो तो पेट्रोलमुळें, हा लोकप्रवादहि असाच. आगीचें मुख्य कारण आंतला दारूगोळा होतें, आणि तो तळाशीं, पाण्याच्या वेष्टणांत ठेवूं लागल्यावर आगी पुष्कळ कमी झाल्या. सबब इतिहास म्हणून हें पुस्तक जपून वाचावें.

परंतु त्यांतला एक भाग कोणाला खोडतां यावयाचा नाहीं. गोळा लागलेला रणगाडा कारखान्यांत येई तेव्हां आंत जें उरलेलें असे तें अगोदर माणसांनीं आपल्या हातांनीं बाहेर काढावयाचें. मग आंतून धुवावयाचा. चिलखताचें भोंक जोडकामानें बुजवावयाचें. आणि वास व डाग झांकावेत म्हणून आंतून सगळा पांढरा रंग द्यावयाचा. मग त्यांत नवीन माणसें बसत. युद्धाच्या उत्तरार्धांत तर ज्यांनीं रणगाडा आंतून कधीं पाहिला नाहीं अशीं पायदळाचीं पोरें थोड्याशा शिकवणुकीवर त्यांत बसविलीं गेलीं. तो ताजा रंग पाहून त्यांना काय वाटलें असेल? कूपर हें विचारीत नाहीं. तो पुढच्या रणगाड्याकडे वळतो, कारण त्याला काम आहे. चार पुस्तकांतलीं इतकीं पानें वाचून आमच्या मनांत टिकून राहिलें तें हें पांढऱ्या रंगाचें डबडें. तें सांगणारा माणूस रथी नव्हे, सारथिहि नव्हे. रथ सांधणारा सुतार आहे. आणि सर्वांत अधिक संतापानें लिहिलेलें पुस्तक त्याचें आहे, ह्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

आमच्या देशांत रणगाड्यांच्या लढाया थोड्या झालेल्या नाहींत. १९६५ च्या सप्टेंबरांत पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर ह्यांनीं जो पराक्रम केला आणि देह ठेविला, तो सर्वश्रुत आहे. जन्म मुंबईचा, शिक्षण पुण्याचें, म्हणून आम्ही त्यांना आपले समजतों. पथकाचें नांवहि आमचेंच : पेशव्यांशीं झालेल्या १८१७ च्या तहांतून तें उभें राहिलें, सवार मात्र पुढें बव्हंशीं उत्तरेकडचे. त्याच पथकाचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१ च्या १६ डिसेंबरला बसंतर नदीपलीकडे वीरगति पावले, तेव्हां त्यांचें वय एकवीस होतें. पेटलेला रणगाडा सोडण्याचा हुकूम त्यांनीं तोफ अद्याप चालते म्हणून नाकारला. हें बिनतारी यंत्रावरचें उत्तर आज शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक आहे. तो सेंच्युरियन रणगाडा नगरास, चिलखती दळाच्या केंद्रांत, जपून ठेविला आहे. (नगराचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, जुनी संवय सुटत नाहीं.) सेंच्युरियनांत चार माणसें असतात. तें उत्तर आपल्या कानांवरच्या यंत्रांतून आणखी तिघांनीं ऐकलें असेल किंवा ऐकलें नसेल. त्या क्षणीं त्यांना काय वाटलें, हें जाणून घ्यावें असें किती जणांच्या मनांत आलें? परमवीराचा मान यत्किंचितहि उणा न करतां हा प्रश्न विचारतां येतो, असें आम्हांस वाटतें.

मराठींत अशा माणसाच्या हातचें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं. माणसें मात्र आहेत. सातारा जिल्ह्यांतील आमच्या एका स्नेह्यांच्या गांवीं एक निवृत्त दफेदार राहतात. ते सेंच्युरियनवर चालक होते. मागें एकदां त्यांच्या ओट्यावर बसलों असतां आम्हीं डग्लसच्या मूकचित्रपटाची उपमा मनांत धरून त्यांना विचारलें, “दादा, लढाईंत तुम्हांला काय काय दिसत होतें?”

ते हंसले. “दिसतंय कशाचं, साहेब! फुफाटा दिसायचा. आमचा सगळा जीव कानांत. साहेबांचा आवाज चालू हाय तवर गाडी जिती.”

“आवाज कधीं बंद पडला होता का?”

ह्यावर ते कांहीं वेळ अंगणाकडे पाहत राहिले, आणि मग आंत वळून त्यांनीं चहा ठेवावयास सांगितलें.

पुढच्या भेटींत आम्हीं वही नेली, आणि आपण सांगावें व आम्हीं लिहून घ्यावें असें सुचविलें. त्यांना तें विशेष पटलें नाहीं. अशा गोष्टी साहेब लोकांनीं लिहिलेल्या असतात, आमचें त्यांत निराळें काय असणार, असें त्यांचें म्हणणें. आम्हीं टाउटचें पुस्तक दाखविलें, तो कोण होता व कोठें बसत होता तें सांगितलें. इंग्रजी त्यांना वाचतां येत नाहीं. तरी तें त्यांनीं उलटसुलट करून पाहिलें, मुखपृष्ठावर पुष्कळ वेळ नजर ठेविली, आणि नंतर आमच्या हातची पेन्सिल घेतली. प्रथम त्यांनीं वहींत आपलें आसन काढलें, पुढच्या अंगाला, उजवीकडे. मग वळण घेण्याचे दोन दांडे. मग गियरचा दांडा, आणि त्याविषयीं मात्र ते भरभरून बोलूं लागले : तो कसा हट्टी असे, दोनदां क्लच दाबून इंजिनाचा सूर जुळला तरच कसा बसे, हिंवाळ्यांत पहांटे कसा अडे, आणि नवीन आलेल्या पोराच्या हातून तो खडखडला कीं वरून काय काय ऐकावें लागे. आतांपर्यंत तीन बैठकी झाल्या असून वहीचीं अकरा पानें भरलीं आहेत. त्यांची गाडी अजून तळावरच उभी आहे.